मंडळाच्या खोलीचं सारवण

संस्थान विलीन झाल्यावर जव्हारमध्ये नव्या चित्रकलेचं एक मंडळ निघालं. माणसं चार. एक आमचे हे, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. दुसरे कचेरीतले एक कारकून. बाकीचे दोघे यायचे तेव्हा यायचे. संस्थानच्या वेळी चित्र म्हणजे फेटा, मिशा आणि सोनेरी चौकट. आमच्या ह्यांनी जवळच्या जामसर गावची भातखाचरं काढली. त्यात माणसं लांबट आणि गाय निळी.

"भावजी, ही दूध तरी पांढरं देईल ना?" जाऊबाईंनी विचारलं.

"वहिनी, धार काढून तुम्हीच बघा," कारकून म्हणाले. हेसुद्धा हसले.

मंडळाला कुडाच्या भिंतींची एक खोली मिळाली होती. मुंबईचे एक चित्रकार बघायला येणार होते. चित्रं पसंत पडली तर तिथल्या प्रदर्शनात लावणार होते. ते ठरल्यापासून ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

पाहुणे येणार म्हणजे सारवायचं, एवढं मला माहीत. आदल्या दिवशी सकाळी मी आणि जाऊबाईंनी खोलीच्या भिंतींना शेणमातीचा चांगला जाड हात दिला. कुणी सांगितलं नव्हतं. विचारायची मला लाज वाटली. संध्याकाळपर्यंत भिंत वरून सुकली. ह्यांनी हात फिरवून बघितला.

"छान झालंय गं," म्हणाले. मग मंडळींनी खळ लावून चित्रं भिंतीला चिकटवली.

सकाळी कुलूप काढलं. कागद फुगले होते. भिंतीतली ओल त्यात हिरवट पिवळी चढली होती आणि रंग खाली ओघळले होते. गाय कुठली ते ओळखू येईना. जाऊबाई "अगं बाई" म्हणाल्या. मला रडू आलं नाही. दाराशी उभी राहिले.

पाहुणे आले. एकेका चित्रापुढे थांबले.

"हे असं कशानं झालं?"

"इकडची हवा दमट," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

पौषातली कोरडी थंडी होती. पाहुण्यांनी मान हलवली, चहा घेतला आणि रिकाम्या हातांनी गाडीत बसले.

मंडळ नंतर दोनदा भरलं, मग भरलं नाही. हे शाळेत फळ्यावर नकाशे काढत. घरी रंगांची पेटी उघडली नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

पुष्कळ दिवसांनी मीच म्हटलं, "अहो, ते माझ्यामुळे झालं."

"चहा टाक," म्हणाले.

मी चहा टाकला.