बारा गाठींची खोळ

“डावा हात पाठीमागं धर. आता सोड बघू.”

शिडाची खोळ घ्यायला कोणीही आला, तरी खोळी शिवणारी बाय त्याला आधी हेच करायला लावायची. तारोडी गावात तिच्या अंगणात एक बांबू आडवा टांगलेला असे. त्यावर जुनं शीड गुंडाळून ती नवी खोळ चढवायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत उभी राहायची.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. मी भाईंदरच्या एका मिठागरात कारकून होतो. खाडीतून फिरायला मला एक लहानशी शिडाची होडी मिळाली होती. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने शीड कुजायला लागलं, तेव्हा कोणीतरी बायचं नाव सांगितलं.

मी मोठ्या ऐटीत गेलो. मुंबईला साहेबलोकांच्या होड्यांवर पाहिलेली पितळी आकड्यांची खोळ मला हवी होती.

“दोन महिन्यांत आकडे हिरवे पडतील, कारकून. मग काय दातानं काढशील?” ती सगळ्यांना एकेरीतच बोलायची.

“मग नाडी ओवून द्या.”

“भिजली की फुगते. वढून वढून बोटं सोलतील.”

शेवटी तिने स्वतःच्या पसंतीची खोळ पुढे केली. जाड मांजरपाटाची, काठाला दोरीची नाकी, एकातून एक ओवलेली, आणि टोकाला एकच लाकडी खुंटी. मी एका हाताने खुंटी ओढली. सगळी नाकी सरसर सुटली आणि खोळ माझ्या पायांवर पडली. मी हसलो. बाय हसली नाही.

“एवढी घाई कशाला लागते हो, शीड उघडायला?” मी सहज विचारलं.

तिचा नवरा अंगणातच जाळं विणत बसला होता. त्याचे हात थांबले. बाय खाली बसली आणि सांगू लागली.

नवं शीड घेतलं, तेव्हा तिने त्याला हौसेने खोळ शिवली होती. बारा बंद, बारा गाठी. नवऱ्याला बजावलं होतं, गळ टाकायच्या आधी शीड झाकायचं, माशांची घाण लागता कामा नये. एके दिवशी तो नऊ वर्षांच्या फिलूला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, बरोबर घेऊन गेला. अचानक वारा सुटला, नांगराचा दोर तुटला आणि होडी खडकांकडे जायला लागली.

“एका हातात पोर, दुसऱ्या हातानं गाठी. भिजलेल्या.” बाय म्हणाली. “होडी मिळाली तवा तीन गाठी तशाच होत्या. मी शिकवल्या तशा.”

नवरा उठून बाहेर निघून गेला.

“बघ. सात वर्सं झाली, त्या दिवशी सांगितलं तेवढंच, मग एक शबुद बोलला न्हाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.”

पुढे लढाईत कापड मिळेनासं झालं. तरी बाय जुन्या खोळी उसवून नव्या करून द्यायची. शेवटी तिला दिसेना, तेव्हा टाके बोटांनी चाचपून घालायची.

लढाई संपली त्या वर्षी ती गेली. मातीला मी गेलो होतो. सगळे पांगल्यावर तिचा नवरा माझ्याजवळ आला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

“कारकून, त्या दिवशी आभाळ काळं झालं तवा सगळ्या होड्या परत फिरल्या. मला हाका मारल्या त्यांनी. मीच थांबलो. मासळी चांगली लागत होती.”

तो तसाच पुढे म्हणाला,

“खडक जवळ आला होता. शीड उघडं असतं तरी होडी वळली नसती. तिला वाटलं, गाठींनी पोर गेली. मी वाटू दिलं. रोज सकाळी म्हणायचो, आज सांगीन. मग ती चहा पुढं ठेवायची, आन् धीर व्हायचा न्हाय.”

मी त्याला घरापर्यंत पोचवलं. दार उघडंच होतं. तो आत गेला नाही. बाहेर ओट्यावर बसून राहिला.