अंथरुणावरचं प्रभुभोजन

संडेस्कूलच्या मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवत आले की तारण, म्हणजे पापातून सुटका, येशूवरच्या विश्वासाने मिळतं, आपल्या कर्मांनी नाही. शिकवून झालं की चर्चचे बाक पुसायचे, वेदीवर फुलं ठेवायची, हॉस्पिटलात मंडळीतलं कुणी असेल तर त्याच्यासाठी पेज घेऊन जायची. माझा रविवार असा भरून जायचा.

गेल्या वर्षी अंगणात फुलं तोडता तोडता पडले. उजवं अंग लुळं झालं, जीभ जड झाली. मुलगा जयगडच्या बंदरावर कामाला, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. त्यामुळे माझं सगळं सुनेवर आलं. ती मला कुशीवर वळवते, अंग पुसते, घाण काढते. पहिल्या दिवशी मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. ती आपली कालवणाला बांगडे मिळाले नाहीत, असलं काहीतरी बोलत राहिली.

महिन्याभराने आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले. भाकरीचा कण त्यांनी माझ्या जिभेवर ठेवला, द्राक्षरस चमच्याने पाजला. निम्मा हनुवटीवरून ओघळून गाऊनवर सांडला. मला रडू आलं.

"आता माझ्याकडून देवाचं काहीच होत नाही," मी म्हटलं. त्यांना ते कळेना. सुनेने उलगडून सांगितलं.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, तारणासाठी आधी तरी आपल्याकडून काय होत होतं?"

मला राग आला. एवढी वर्षं राबले ते काय उगाच? पण हेच तर मी मुलांना शिकवत होते. तेव्हा ते सोपं वाटायचं, कारण माझे दोन्ही हात कामात असायचे.

आता प्रार्थनाही पुरी होत नाही. सुरुवात करते आणि मधेच शब्द निसटतात. नुसता विश्वास पुरे म्हणतात, पण तो तरी माझ्यात उरलाय का, याचीच भीती वाटते. परवा अशीच अडखळत होते. सून हातातलं काम टाकून आली, पलंगाच्या कडेला बसली.

"आई, तुम्ही नका धडपडू. मी म्हणते."

तिने माझा उजवा हात हातात घेतला. मला तो स्पर्श कळत नव्हता, नुसता दिसत होता. ती म्हणत गेली. शेवटचं आमेनसुद्धा माझ्या तोंडून फुटलं नाही. तेही तिनेच म्हटलं.