दत्तोपंतांच्या कादंबरीला लावलेली खळ

मिलमधल्या माणसाच्या टोपीवर कापूस बसतो. कधी बसला ते कळत नाही. घरी आल्यावर बायको ओरडते तेव्हा कळतं. आमच्या सोलापूरच्या नाटकमंडळाचे किस्सेही असेच माझ्या अंगावर बसत गेले. आज टोपी झटकतोय. ज्याला शिंक येईल त्यानं जरा लांब बसावं.

मी शिद्राम. शाळा चौथीत सुटली, आणि सुटली ती लई बरं झालं असं मास्तरही म्हणाले. मिलमध्ये मी सुताला खळ लावायच्या खात्यात होतो. नाटकात मी प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत बसायचं आणि दुसऱ्यांची भाषणं आधी आपण म्हणायची. बोलपट अजून यायचे होते, त्यामुळे आमच्यासारख्यांनाही लोक बघायला येत. प्रयोग रविवारी दुपारी, देवळामागच्या मांडवात.

*

आमचे लेखक दत्तोपंत. मिलच्या ऑफिसात क्लार्क. मंडळासाठी नाटकं ते लिहीत, पण त्यांचा जीव होता कादंबरीत. नऊ वर्षं लिहीत होते. नायिका शेवंता. दर रविवारी तालमीआधी आम्हाला एक प्रकरण ऐकावं लागे, त्याशिवाय चहा मिळत नसे. शेवटचं प्रकरण मात्र त्यांनी कुणाला ऐकवलं नाही.

"तेवढं ज्याचं त्यानं वाचायचं," म्हणायचे. "शिद्राम, मला बक्षीस नको, हार नको. एक माणूस हवा, जो ही कादंबरी आपणहून शेवटपर्यंत वाचेल."

"घरी वहिनी हायत की," मी म्हणालो.

"तिला अक्षरओळख नाही रे."

खरंच होतं. मोहोळहून माहेरचं पत्र आलं की वहिनी ते त्यांच्यापुढं ठेवायच्या. दत्तोपंत ते हातवारे करून वाचायचे. सासऱ्याचा खोकलासुद्धा खोकून दाखवायचे. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकायच्या.

कादंबरी कोण वाचतो आणि कोण नुसतं 'वाचली' म्हणतो, हे ओळखायची युक्ती त्यांनी माझ्याच खात्यातून नेली. माझ्याकडून वाटीभर खळ नेली आणि दहा ठिकाणी पानाला पान एका ठिपक्यानं चिकटवलं. वाचणारा तिथं आला की ठिपका सुटणार. मिलच्या खळीत चरबी असते. त्या वासानं वहिनींनी वही देवघरापासून चार हात लांब, खुंटीवर टांगायला लावली. हात म्हणून लावत नसत.

*

पहिल्यांदा वही गेली मंडळाच्या अध्यक्षांकडं. अध्यक्ष म्हणजे आमचे विणकाम खात्याचे मास्तर, वजनदार माणूस. महिन्यानं त्यांनी वही परत दिली, वर दोन्ही हातांनी दत्तोपंतांचा हात धरला.

"दत्तोपंत, डोळ्यांत पाणी आलं हो. विशेषतः मधल्या भागात."

दत्तोपंतांनी वही उघडली. दहाच्या दहा ठिपके जागच्या जागी.

"मधल्या भागात शेवंता काय करते, आठवतं का?"

मास्तरांनी घसा साफ केला. "सोसते," म्हणाले.

*

आमची नायिका नरसय्या. शहराच्या पूर्व भागातला विणकर, घरात तेलगू, बाहेर मराठी, आणि ओठावर ही एवढी मिशी. आता बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नाही, ही रीत. पण शेवंतेचं नाटक करायचं ठरलं, कादंबरीचाच मधला तुकडा घेऊन, आणि मिशीवाली शेवंता कोण बघणार? मी नरसय्याला तीन दिवस चावी दिली. चौथ्या दिवशी सकाळी तो न्हाव्यापुढं बसला.

तिथून घरी जाईपर्यंत अर्ध्या पेठेनं त्याचं तोंड बघितलं. नरसय्या दुपारी मिलला आला, आणि इकडं त्याच्या दारात माणसं जमायला लागली. कुणी डोक्याची टोपी काढून हातात धरलेली, कुणी डोळे पुसतंय. म्हातारा दारातच मागावर बसलेला.

"या, बसा," म्हातारा म्हणाला. "कोण गेलं?"

शेवटी शेजारचा एक जण धीर करून म्हणाला, "मामा, आमी तुमच्यासाटीच आलतो."

म्हातारा संध्याकाळपर्यंत मागावरून उठला नाही. जो येईल त्याला बसवून तंबाखू दिली. रात्री पोराला एवढंच म्हणाला, "तुझ्या नाटकापायी आज मला कळलं, कोण कोण येनार ते. दोगं आले न्हाईत. ध्येनात ठेवलंय."

*

त्या नाटकाचा प्रयोग झाला तेव्हा म्हातारा पहिल्या रांगेत. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात शेवंतेला मागणी घालतात, मग लग्न, मग सासर. आमच्या नटांची पाठांतराशी सोयरीक नव्हती. मी जे म्हणेन ते ते म्हणत.

मागणीचं पान संपलं. मी पान उलटलं आणि पुढचं वाक्य दिलं, "बाळाला ताप आहे, वैद्य आणा."

नरसय्यानं ते लई गोड म्हटलं. मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उभी राहिली. "अगं ए, तुजं लगीन कवा झालं?"

नरसय्या माझ्याकडं बघतोय, मी वहीकडं. शेवटी त्यानं पदर सावरला. "घाईत झालं, मावशी. तुमाला सांगायचं राहिलं."

टाळ्या पडल्या त्या तिथंच. मी विंगेत नाटकाची वही तपासली. मधली दोन पानं चिकटलेली. अख्खं लग्न खळीत अडकलेलं.

दत्तोपंत मागं उभे. "प्रॉम्प्टर प्रयोगाआधी नाटक एकदा तरी वाचतो का, ते बघायचं होतं," म्हणाले. आयुष्यभर मी लोकांच्या खोड्या काढल्या. माझी काढली ती ह्या एका माणसानं, आणि तीही माझ्याच खळीनं.

*

त्याच प्रयोगात तिसऱ्या अंकाला शेवंतेचा सासरा मरतो. काम आमच्या भीमरावचं, तीस वर्षं मिलमध्ये घालवलेला गडी. भीमराव छान मेला. नरसय्यानं टाहो फोडला. बायका रडायला लागल्या. दत्तोपंत माझ्या शेजारी उभे, त्यांचेही डोळे भरलेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या शब्दांवर कुणी रडत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या मिलचा भोंगा झाला. आमची सुट्टी रविवारी, त्यांची दुसऱ्या वारी.

अर्धा मांडव उठला. त्यांची पाळी होती, बरोबर आहे. पण भीमरावही उठला. पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि विंगेतून चालता झाला. मी त्याचा हात धरला.

"अरे, तू मेलायस."

"असू दे," भीमराव म्हणाला, "दार बंद करत्यात." आणि वेशीपर्यंत जाऊन परत आला.



*

त्यानंतर वही पुण्याच्या एका प्रकाशकाकडं गेली. सात महिन्यांनी पार्सल परत आलं. दत्तोपंत ऑफिसात होते; वहिनींनी ते घेतलं. दत्तोपंतांना बघायचा धीर होईना. आठ दिवस ते तसंच खुंटीखाली पडून होतं. मधेच वहिनींनी पार्सलाची सुतळी सोडून वाळवणाच्या कापडाला बांधायला घेतली, तरी ह्यांनी आत डोकावून बघितलं नाही. मग रविवारी सकाळी मला आणि नरसय्याला बोलावणं आलं.

चैत्र होता. अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या, वहिनी एकेक उलटत होत्या. कोपऱ्यात पाण्याचा बंब पेटलेला.

दत्तोपंतांनी वही माझ्या हातात दिली. "तूच बघ, शिद्राम."

मी दहा जागा मोजल्या. दहाही चिकटलेल्या. मी मान हलवली.

"झालं तर," ते म्हणाले. शांतपणे म्हणाले. वही घेतली आणि बंबाकडं निघाले.

"शिद्राम, धर की त्यांना," नरसय्या म्हणाला.

पण मी माझी बोटं चोळत उभा. वीस वर्षं खळीत घातलेली बोटं ती. वास घेतला. परत घेतला.

"दत्तोपंत, थांबा. ही आपल्या मिलची खळ न्हाय. चरबीचा वासच न्हाय हिला. आंबूस हाय. हा गव्हाचा चीक हाय, कुरडईचा."

दत्तोपंत थांबले. "पुण्यात चिकानं चिकटवतात?"

नरसय्या बाजेवरच्या कुरडयांकडं बघायला लागला.

वहिनींनी बाजेवरची शेवटची कुरडई उलटली. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"जाळू नका," म्हणाल्या. "त्या शेवंतेचा शेवट तेवढा बदला. चैत्रात आपल्याकडं विहिरीत घागर बुडत न्हाई, ती पोरगी कशी बुडंल?"