अर्ध्या वाटेवरची टिटवी

चिंगी माझी सख्खी धाकटी बहीण. राखीव जंगलात पाहुण्यांना पायी फिरवते. मी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण छातीठोक सांगतो, अशी वाटाडी शोधून सापडायची नाही. "जनावर दिसेल ना?" कुणी विचारलं की तोंडावर सांगते, "त्याची मर्जी. आपण त्याच्या घरी चाललोय."

फेरी संपली की पाहुणे कागदावर पाचपैकी गुण देतात. या खरं बोलण्यापायी चिंगीचे गुण घसरले. वनखात्याच्या साहेबांनी बजावलं, "उद्याच्या फेरीत सरासरी चारच्या खाली गेलीस, तर पायवाट बंद. नुसत्या गाड्या फिरतील." गाडीत बसून जंगल दाखवायचं म्हणजे चिंगीला तोंडात बोळा कोंबल्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी ती दहाजणांना तळं दाखवायला घेऊन निघाली. अर्ध्या वाटेवर टिटवी ओरडत अंगावर आली. चिंगी जागीच थबकली. वाटेच्या मधोमध, खड्यांत खड्यांसारखीच, चार अंडी. दोन्हीकडे दलदल.

"ओलांडून जाऊ की," एक जाडजूड दुकानदारकाका म्हणाले. "तळं पुढेच आहे ना?"

"नाही काका, मागे फिरायचं."

"तळं सांगितलंत आणि खडे दाखवताय होय?"

गुण गेले, वाट गेली. तरी चिंगीने सगळ्यांना तीस पावलं मागे नेऊन बसवलं आणि दुर्बीण हातोहात फिरवली. टिटवी पंख लोळवत लंगडत होती.

"तिला लागलंय का?" कुणीतरी विचारलं.

"नाटक करतेय. आपलं लक्ष अंड्यांवरून उडावं म्हणून."

"आमच्या हिची बहीण शोभते," काका पुटपुटले. पण दुर्बीण काही सोडेनात. तरी जाताना कागदावर लिहून गेले : तळं दिसलं नाही. दोन गुण. बाकीच्यांनीही तीनच्या वर हात जाऊ दिला नाही.

घरी मी म्हटलं, "साहेबांना मी भेटतो."

"नको दादा. तू बोललास तर मला गाडीतही घेणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब वाटेच्या तोंडाशी दोरी बांधत होते, चिंगी बाजूला उभी. तेवढ्यात काका हजर, सोबत बायको.

"आम्हाला त्या टिटवीपर्यंतच जायचंय."

"वाट बंद. तुम्हीच दोन गुण दिलेत."

"ते तळ्याचे. टिटवीचे विचारलेत कुठे? आणा तो कागद इकडे."

काकांनी तिथेच उभ्याने पाच गुण लिहिले. साहेबांनी क्षणभर कागदाकडे पाहिलं, दोरी सोडली आणि स्वतःही चिंगीच्या मागोमाग निघाले. टिटवी दिसताच ते काहीतरी विचारायला लागले, तर चिंगीने ओठावर बोट ठेवून त्यांनाही खाली बसवलं.