चाकाच्या आतली बाजू

कुंभार पिंपळगावकडे जाणाऱ्या त्या अर्धवट डांबरी रस्त्याची आठवण माझ्या मनातून अजून गेलेली नाही. सन दोन हजारच्या नंतरचे ते दिवस. जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

भर दुपारी ठाणे अंमलदाराने खबर दिली की, नव्या डांबरावर एक मेंढपाळ बेशुद्ध पडला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या कामावरच्या मजुरांनी त्याला सावलीत आणून ठेवले होते. वय साठीच्या आसपास, डावा पाय गुडघ्याखाली चिरडलेला. शेजारी त्याची एक काळी मेंढी मरून पडली होती. त्याला जालन्याच्या दवाखान्यात रवाना केले, घटनास्थळाचा पंचनामा केला आणि त्याच्या सुनेची फिर्याद घेतली.

धडक कुणीच पाहिली नव्हती. मजूर दूरच्या लिंबाखाली जेवायला बसले होते. मधल्या वेळात दोन-तीन गाड्या गेल्या, पण त्यांतली एकच ओळखीची, काळी-पिवळी जीप, असे त्यांनी सांगितले. संध्याकाळच्या आत ती जीप आणि तिचा चालक ठाण्यात होते. चारही चाके डांबराने माखलेली. मला वाटले, काम झाले.

चालक तिशीचा, उंच, शांत माणूस. त्याला मी तीन वेळा तेच तेच विचारले. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले.

"साहेब, मी तिथूनच गेल्तो. डांबर लागणारच की. पण म्हाताऱ्याला मी पाह्यलंबी न्हाई."

त्याचा जबाब घेऊन त्याला घरी सोडले, जीप मात्र ठाण्यातच ठेवली. तेव्हापासून त्याचा धंदा बंद पडला. गावात तर त्याचा निकाल केव्हाच लागला होता. मेंढपाळाची सून रोज ठाण्यात यायची आणि सासऱ्याचा पाय कापावा लागला, तो अजून शुद्धीवर नाही, एवढे सांगून जीपकडे बघत उभी राहायची. मीही तिला अडवत नव्हतो, कारण माझेही मत तिच्यासारखेच झाले होते.

पाचव्या दिवशी आमची सरकारी जीप धुवायला नेली. त्या रस्त्यावर फेऱ्या मारून तिचीही चाके काळी झाली होती. वॉशिंग सेंटरचा मालक रॉकेलचा बोळा चाकावर दाबून धरून बसला होता. डांबर मऊ झाल्यावरच पुसायचे, आधी ओरबाडले तर चरे पडतात, असे तो मला समजावत होता. बोलता बोलता सहज म्हणाला की, आठवड्यात डांबराचे हे त्याचे दुसरे काम. पहिली एका बियाण्याच्या व्यापाऱ्याची पांढरी कार. अलॉयची चाके. डांबर निघाले, पण ब्रेकची तांबूस-काळी भुकटी उष्णतेने धातूवर भाजल्यासारखी बसली होती, ती साबणाने हलेना. व्यापारी ॲसिड लाव म्हणून मागे लागला.

"मी न्हाई म्हणलो. ॲसिड ॲल्युमिनियमला खातं. तर शेठ सोता पांढऱ्या कपड्यात उकिडवे बसले अन् डाव्या बाजूचं पुढचं चाक बरशानं घासत राह्यले. बाकीच्या तिन्हीला हातबी लावला न्हाई."

हा व्यापारी मला माहीत होता. दुकानात पाण्याचा तांब्यासुद्धा नोकराकडून मागून घेणारा माणूस. घाण सगळ्या गाडीला लागली असताना तो एकाच चाकापाशी का बसला, हा प्रश्न मला तिथेच पडला.

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीसह बोलावले. अत्यंत अदबीने बोलला. महिनाभर गाडी त्या रस्त्याला गेलीच नाही, म्हणाला. तो जबाब मी शब्दशः लिहून घेतला, त्याला वाचून दाखवला, सही घेतली. मग दोन पंच आणि एक मिस्त्री यांच्यासमोर डाव्या बाजूचे पुढचे चाक उतरवले.

बाहेरून ते चाक आरशासारखे होते. मिस्त्रीने ते पालथे केले. आतल्या कडेला, जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे, डांबराचा जाड थर होता आणि त्यात बारीक खडीबरोबर काळी लोकर रुतलेली होती.

व्यापारी ठाण्याच्या पायरीवर बसला आणि त्याने पाणी मागितले. मी त्याला पिऊ दिले आणि वाट पाहिली. घाई केली की माणूस खोटे बोलायला पुन्हा बळ गोळा करतो, हा माझा अनुभव.

"आरशात पाह्यलं तर म्हातारा उठून बसला होता," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, हाय जिता. मंग मी थांबलो न्हाई."

म्हणजे म्हातारा तेव्हा शुद्धीवर होता. मजूर येईपर्यंत रक्त जात राहिले. वेळेत आणला असता तर पाय वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता, असे डॉक्टरांनी मला सांगितले होते. मी ते व्यापाऱ्याला सांगितले. तो रडला. मला त्याचा राग आला आणि थोडी कीवही आली.

चाकावरचे नमुने आणि पंचनाम्यात घेतलेली मेंढीची लोकर सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवली. दोन्ही जुळल्याचा अहवाल आला, दोषारोपपत्र दाखल झाले, पुढे शिक्षाही झाली. मेंढपाळ वाचला. कुबडी घेऊन त्याने कोर्टात साक्ष दिली.

जीप परत देताना मी चालकाला खुर्ची दिली आणि माझी चूक झाली, असे सरळ म्हणालो. सगळे अंमलदार ऐकत होते. त्याने किल्ली घेतली, जरा वेळ हातात फिरवली.

"साहेब, एक इचारू का? मी त्या दिवशीच गाडी धुतली असती, तर तुम्ही माझी जीप ठेवून घेतली असती का?"

उत्तरासाठी न थांबता तो जीप घेऊन गेला.

नोकरीत पुढे बरीच वर्षे काढली. गुन्हेगार घाण लपवतो हे मला आधीपासून माहीत होते. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नसते, तो आपली घाण उघडीच ठेवून फिरतो आणि म्हणून पहिल्यांदा तोच सापडतो, हे मात्र त्या चालकाने शिकवले. त्यानंतर सहज हाती लागलेल्या संशयितासमोर बसलो की मी पहिला प्रश्न त्याला विचारत नसे. तो मी स्वतःला विचारत असे: हा दोषी आहे म्हणून सापडला, की याने काही लपवले नाही म्हणून?