रेडिएटरातलं गोड पाणी

ट्रकच्या रेडिएटरातलं पाणी पिऊन मरायला टेकलेला माणूस आख्ख्या शेंद्रा गावात मी एकटाच. कुणी पाजलं नाय. माझं मीच प्यालो, गाळून, वर फुंकर मारून!

माझी शाळा चौथीपर्यंत, ड्रायव्हरकी मात्र उभी हयात. अन् त्या हयातीत दारूचा थेंब नाय! ढाब्यावर बाकीचे बाटली उघडायचे, मी ताक मागायचो. विहारात पंचशील घेतलं ते घेतलं. वस्तीत दारूबंदीचं भाषण माझंच असायचं (भाषण लांब, ऐकणारे थोडे), अन् शेवटी माझं बोट एकाच माणसाकडं जायचं. माझा मेव्हणा, रतन. "हा बघा नमुना!" विहारात त्याला मी शेवटच्या ओळीत दाराजवळ बसवायचो. वास तरी बाहेर जातो.

गेल्या उन्हाळ्यात आमची गाडी तापायला लागली. ती आता माझं पोरगं प्रदीप चालवतो, कंपन्यांचा माल नेतो. सकाळी त्यानं टाकीचं झाकण उघडलं, तर इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्यागार कूलंटचा दुधाचा चहा झालेला! वर जाड साय.

"बाबा, पाण्यात ऑइल उतरलंय," प्रदीप म्हणाला. "ऑइल कूलर गेला असंल, नायतर हेड गॅस्केट. मिस्तरीला घेऊन येतो. तो पाण्यात कागद बुडवून सांगतो."

"कागद? पाण्याचं दुखणं कागदाला कळतं व्हय? मग आमची जीभ काय चाटायला ठेवलीय?"

"तुम्ही हात लावू नका," म्हणून तो मोटरसायकलवर गेला. मी हात लावला नाय. पेला लावला.

आता माझं बी ऐका. आमच्या काळी रेडिएटरात पाणी म्हणजे पाणीच. विहिरीचं, ओढ्याचं, एकदा तर अजिंठ्याच्या घाटात रसवंतीवाल्याच्या बादलीतलं. ते बिघडलं की बोट बुडवून जिभेला लावायचं. डिझेल असलं तर चटका बसतो, बॅटरीचं असलं तर आंबट. माझी जीभ कधी चुकली नाय! फक्त ह्या हिरव्या कूलंटची अन् माझ्या जिभेची आजवर गाठ पडली नव्हती, एवढी बारीक गोष्ट ध्यानात आली नाय.

पाणी फडक्यातनं गाळलं. तवंग फुंकून बाजूला सारला. घोट घेतला.

गोड!

दुसरा घेतला, खात्रीसाठी. चांगलं गुळमट गोड!

"घातपात!" मी वरडलो. "रेडिएटरात गूळ टाकलाय कुणीतरी!"

वस्ती गोळा झाली. मी सगळ्यांदेखत तपास लावला. काल केबिनमधी कोण झोपलं होतं? बायकोनं घराबाहेर काढलेला रतन! त्याला उठवून समोर उभा केला.

"बोल! पाण्यात काय टाकलंस?"

"दाजी, आईची आण," रतन डोळे चोळत म्हणाला, "मी पाण्याच्या वाटंला जातच नाय. दारूत सुद्धा घालत नाय!"

सगळे खदाखदा हसले. बायामाणसं सुद्धा! मग मात्र माझं डोकं फिरलं. "मी खोटं बोलतो व्हय? सरबत हाय हे, सरबत! हे बघा!" अन् पेला भरून गटागटा रिकामा केला.

तासाभरात ओसरी हलायला लागली. उठायला गेलो तर पाय एकीकडं अन् मी दुसरीकडं. जीभ जड. (तीच, कधी न चुकणारी.) आमची मंडळी, कमल, चुलीपासून धावत आली अन् कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, प्यालात व्हय? ह्या वयात?"

शेजारणींनी पदर तोंडाला लावले. त्यांची चैनच झाली!

रतन पुढं आला, माझ्या तोंडाजवळ नाक नेलं, अन् त्याचं हसू गेलं. "ताई, हा माझा विषय हाय. चाल दारूची हाय, पण वास नाय. दाजी भलतंच काय तरी प्यालेत." त्यानं केबिनमधला कूलंटचा डबा काढला. त्यावर कवटीचं चित्र होतं. चौथी शिकलेल्याला बी कळावं म्हणून छापलेलं. मी डबा बघितलाच नव्हता.

त्यानंच मला रिक्षात घातलं, क्रांती चौकातल्या गर्दीत रिक्षावाल्याला शिव्या घातल्या, अन् मोठ्या दवाखान्यात नेलं. प्रदीप मागनं पोचला. डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढी.

"बाबा, कूलंट मुळातच गोड असतं," ती म्हणाली. "म्हणूनच माणूस फसतो. पोटात गेलं की किडन्या निकामी करतं, जीव जातो."

माझा गूळ तिथंच विरघळला.

"उपाय?" प्रदीपचा आवाज फाटला.

"त्याचं इंजेक्शन आत्ता मिळत नाही, अन् थांबायला वेळ नाही. ह्या विषाला अडवणारा दुसरा उतारा आहे. दारू. नळीनं, मोजून, आम्ही देऊ. बाहेरून आणावी लागेल."

मग रतननं हळूच विचारलं, "देशी का विदेशी, मॅडम?"

"सीलबंद!"

मी अंगातलं सगळं बळ काढून म्हणालो, "मेलो तरी चालंल. तोंडाला लावणार नाय. मी शील घेतलंय." अन् हे मी थट्टेनं बोललो नव्हतो. मी खरंच मरायला तयार होतो. प्रदीपनं माझे पाय धरले, पोरगं ढसाढसा रडलं. मी मान फिरवली.

कमल खाटेजवळ आली. रडली नाय. "दारूचं शील कितवं?"

"पाचवं."

"अन् पहिलं?"

"पाणातिपाता वेरमणी. प्राण्याचा जीव घेऊ नये."

"मग तुम्ही कोण हाय? प्राणीच ना? पहिलं मोडून पाचवं पाळता व्हय? गपचूप नळी घ्या!"

आयुष्यभर भाषणं दिली, पण असा मुद्दा मला कधी सुचला नाय. मी मान हलवली.

पुढचं मला आठवत नाय, पण वस्तीला पाठ हाय. म्हणे नाकात नळी, डोळे तारवटलेले, लाळ गळतेय, अन् अशा अवस्थेत मी सगळ्या वॉर्डाला दारूबंदीचं भाषण दिलं! "शोडा! दारू शोडा!" म्हणत मी सलाइनच्या दांडीकडं बोट दाखवत होतो. रतन मला धरून बसला होता. भाषणात दोनदा त्याच्यावर ओकलो.

शुद्धीवर आलो तेव्हा शेजारच्या खाटेवरचा माणूस नव्हता. त्याची बाई कोपऱ्यात बसून त्याच्या चपला पिशवीत भरत होती. त्या दिवशी कुणीच माझी थट्टा केली नाय.

गाडीचा ऑइल कूलरच गेला होता. मिस्तरीनं तो बदलला, आतलं सगळं धुतलं, नवं पाणी भरलं, गाडी रस्त्यावर. माझ्या किडन्या मात्र निम्म्याच उरल्या. मला कितीतरी दिवस यंत्राला जोडून रक्त धुवायचे. नळ्या, पंप, फिल्टर, सगळं गाडीसारखंच. नवा कूलर तेवढा मिळाला नाय.

आता विहारात मला मांडी घालून फार वेळ बसवत नाय. शेवटच्या ओळीत, दाराजवळ बसतो. रतनच्या शेजारी. परवा सुरामेरय आलं, दारूचं शील, तसा माझा आवाज बसला. शेजारून मात्र खणखणीत आवाज आला. रतन! तोंडाला वास सुद्धा नाय.

"कवा सोडलीस?"

"दवाखान्यातच, दाजी. तुम्हाला प्यालेलं बघितलं. म्हणलं, आपण बी असंच दिसतो व्हय?"

माझ्या एवढ्या भाषणांनी वस्तीतला एक माणूस सुधारला नाय. मी एकदा प्यालो अन् पहिला सुटला. ही गोष्ट बायांमधी पसरलीय. काल दोघीजणी दारात आल्या. मला वाटलं भाषणाचं बोलावणं, म्हणून टोपी चढवली.

"भाषण नको, बाबा," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यासमोर एकदा पिऊन दाखवा!"