सागाचा पंख

मी दिग्रसचा सुतार. दारं, चौकटी, पलंग, लग्नातले दिवाण, हे माझं काम. माझा थोरला भाऊ यवतमाळला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. घरात दोघांपैकी एकालाच शिकवायचं ठरलं. तो शिकला आणि माझ्या हाती रंधा आला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते दादाच्या जिभेबद्दल. चारचौघांत तो मला 'आमचा कारागीर' म्हणायचा. भाऊ म्हणायला त्याला जड जायचं.

रिटायर झाल्यावर त्यानं विमान बांधायला घेतलं. एका माणसापुरतं, लाकडाचं आणि कापडाचं, इंग्रजांचं एक जुनं विमान. त्याचे नकाशे त्यानं मागवले होते, आणि कोणी चहाला आला की विमानाची सगळी कुंडली ऐकवल्याशिवाय त्याला उठू द्यायचा नाही. इंग्लंडात दोघा हौशी माणसांनी ते गोठ्याएवढ्या शेडमध्ये बांधलं. पहिल्या नमुन्याला मोटरसायकलचं इंजिन होतं आणि हाताशी होतं ते जड लाकूड. ते शेताचं कुंपणही ओलांडेना. दुसऱ्या नमुन्यात त्यांनी स्प्रूस नावाचं हलकं लाकूड घेतलं, पंख हातभर वाढवले, आणि ते उडालं. मग एका छोट्या कारखान्यानं ते विकायला काढलं. थोडी विमानं बनली न बनली तोच दुसरं महायुद्ध लागलं, कारखान्याला लष्कराचं काम मिळालं आणि हे विमान मागं पडलं. युद्धानंतर कोणी ते पुन्हा बनवलं नाही. नकाशे तेवढे हौशी लोकांना विकत राहिले. मी हे इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

दादाला घाई होती. काचबिंदूनं त्याचा डावा डोळा गेला होता आणि उजव्याची डॉक्टर खात्री देत नव्हते. रीतसर उडायची परवानगी आपल्याला कोणी देणार नाही, हे त्यालाही कळत होतं. त्याचं मागणं एवढंच होतं की बाभुळगावजवळच्या आमच्या वावरात, कपाशीची पराटी उपटल्यावर, त्या विमानानं एकदा हातभर तरी जमीन सोडावी, आणि ती सुटताना आत आपण बसलेलो असावं. आणि ते आपल्याला दिसावं.

पंखांचं काम माझ्याकडे आलं. नकाशात स्प्रूस लिहिलं होतं. दादा म्हणाला, "सागवान घे. इंग्रज आपल्या इथला साग तोडून नेत होते, अन् आपण त्यायचं लाकूड कायले मागवाचं?"

आमच्याकडे हे असंच आहे. पाट असो की देव्हारा, सागापुढं दुसरं लाकूड कोणाला दिसत नाही. पहिला नमुना जड लाकडापायी फसला हे जगाला सांगणारा माणूसही सागावर आला की अक्कल गहाण टाकतो. साग जड तर असतोच, वर तेलकट. गोंद वरवर बसतो, आत धरत नाही. म्हणून तर आम्ही चौकटीला लाकडी खुंट्या ठोकतो. विमानाच्या पंखात मात्र सगळी भिस्त गोंदावर. मी म्हणालो, "दादा, सागाले गोंद नाही धरत."

त्याचे कॉलेजातले दोन जुने सहकारी तेव्हा त्याच्या ओसरीवर चहा पीत बसले होते. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "तू पलंग बनव. विमानाचं मले समजते." ते हसले.

झालं. मी तोंड शिवून घेतलं. गोंद लावायच्या आधी साग थिनरनं पुसला की थोडा तरी धरतो, हे मला शिकाऊ होतो तेव्हापासून माहीत आहे. मी पुसला नाही. मुद्दाम नाही पुसला. सबंध हिवाळा पंखाच्या बरगड्या अशा सफाईनं घासल्या की बघणाऱ्यानं वाहवा करावी, आणि यातला एकही सांधा टिकणार नाही हे मनात धरून बसलो. माणूस मरणार नाही, तेवढं पाहून ठेवलं होतं. उडतानाचा भार पेलतो का हे बघायला, कापड चढवण्याआधी पंख टेकूंवर उलटा ठेवून त्यावर वाळूची पोती रचायची, असं नकाशातच लिहिलं होतं. मोडणार तो तिथंच, लोकांदेखत. मला तेच पाहायचं होतं.

पोती रचायच्या दिवशी दादाकडे ओळखीपाळखीचे सगळे आले. वहिनीनं चिवडा केला होता. पोती मीच रचली. निम्मीही झाली नव्हती, तोच पंखातली लांब तुळई सांध्यासांध्यातून उकलली आणि पंख जमिनीला टेकला. गोंदाचे पापुद्रे अख्खेच्या अख्खे सुटून आले. खरं सांगतो, मला आनंद झाला.

दादा वाकून बोटांनी ते सांधे चाचपत राहिला. मग लोकांना म्हणाला, "माह्या भावाचं काम चोख होतं. लाकूड म्या चुकीचं घेतलं."

ते मला सोसेना. माझी जीत तो अशी हातातून काढून घेत होता. लोक गेल्यावर मी म्हणालो, "मले पयल्या दिवसापासून माहीत होतं."

"मंग बोलला काहून नाही?"

"बोललो होतो. तुमच्या मित्रायसमोर. तुमी म्हणाले, तू पलंग बनव."

तो बराच वेळ आठवत राहिला. खोटं बोलताना तो कसा दिसतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तसा तो दिसत नव्हता.

"असं म्हणलो म्या? मले तं आठवत नाही बा."

दहा हिवाळे गेले असते तरी मी ते वाक्य विसरलो नसतो, आणि त्याच्या ते लक्षातही नव्हतं. म्हणालो, "नवा पंख करतो दादा. स्प्रूस मागवू. पुढच्या हिवाळ्यापर्यंत होऊन जाते."

"कर," तो म्हणाला. "झाला की मले सांगजो, कसा दिसते ते."